एकतिसावं पान

दसरा चौकातल्या सिग्नलला माझी मोपेड आणि आमच्या नाटकातल्या प्रसेनजीतची बाईक शेजारी शेजारी उभ्या होत्या. रविवार, दुपारचे साडेतीन. पलीकडच्या रिक्षातून एका अनोळखी माणसानं डोकं बाहेर काढलं, प्रसेनजीतकडं नीट निरखून बघितलं आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडला, "ओ पावणं! दूध तापवलं का?" रिक्षातले बाकीचे तिघं खदाखदा हसले. पुढच्या स्कूटरवरची बाईसुद्धा मागं वळून हसली. मला वाटलं, आता हा चिडणार, निदान हेल्मेटची काच तरी खाली ओढून घेणार. त्यानं काच आणखी वर केली आणि म्हणाला, "तापवलं की! साय बी आलीया. येताय का प्यायला?" "नाद खुळा!" रिक्षावाला म्हणाला. सिग्नल सुटला, रिक्षा गेली, प्रसेनजीतनं मला हात केला आणि तो उजवीकडं वळून दिसेनासाही झाला. मी तिथंच. मागून हॉर्नवर हॉर्न. "ओ ताई, हिरवा झालाय की! का अक्षता टाकू आता?" असं कुणीतरी ओरडलं तेव्हा कुठं मी गाडी पुढं घेतली.

त्या रिक्षातल्या माणसाला थांबवून मी सांगायला हवं होतं, की बाबा रे, ते वाक्य ह्याचं न्हवं, माझं. हसायचं तर मला हस. बारा दिवस झाले, एवढं एक वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडत नाही, आणि मी म्हणे प्रॉम्प्टर. आमच्या हौशी मंडळींच्या नाटकात दोन वर्षं मी विंगेत स्टुलावर बसते. मांडीवर नाटकाची फाईल, हातात छोटी बॅटरी. नट अडला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं, बस्स. प्रेक्षकांना माझा पत्ताही नसतो आणि मला ते आवडतं. दिवसा मी राजारामपुरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांचे नंबर तपासते. तिथं लोक फार लबाडी करतात, समोरची अक्षरं आधीच्या माणसाकडून ऐकून पाठ करतात आणि धडाधड म्हणून दाखवतात. मग मला दरडावावं लागतं, काका, पाठ म्हणू नका, दिसतंय तेवढंच वाचा. हेच मला नडलं. नाटक मला तोंडपाठ होतं, सगळंच्या सगळं. पण ऐन वेळी मी पाठ म्हटलं नाही. समोर दिसलं ते वाचलं.

नाटक विश्वजित सरांचं, लिहिलेलं त्यांनीच आणि बसवलेलंही त्यांनीच. त्यातला सारंग चोवीस वर्षांचा. रेवावर त्याचा जीव. रेवाच्या घरचे तिचं लग्न दुसरीकडं लावतात आणि मांडवाच्या मागच्या अंगाला, सनई वाजत असताना, सारंग विषाचा पेला तोंडाला लावतो. सांगायला घेतलं तर दोन ओळींत संपतं. पण प्रसेनजीत सारंग करायचा तेव्हा थिएटरात कुणी खुर्ची करकरवत नव्हतं. तो रडायचा नाही, ओरडायचा नाही. पेला उचलायच्या आधी सदऱ्याची गुंडी नीट लावायचा, पाहुण्यांच्या घरी निघाल्यासारखी. तालमी धरून चाळीसेक वेळा तो माझ्यासमोर मेला असेल, आणि एकदाही मला सवय झाली नाही. आई पहिल्या प्रयोगाला आली होती, दुपारचा होता म्हणून. येताना गाडीवर मागं बसून तिनं बिंदू चौकापर्यंत नाक ओढलं आणि मग एकदम म्हणाली, "पोरगं लई गुणाचं हाय गं. पण नवरा म्हणून काय उपेगाचं? मेलं की!" मला इतकं हसू आलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. हसू आलं आणि रागही आला. कारण तोच प्रश्न माझ्या डोक्यात कित्येक दिवस चालला होता आणि आईनं तो असा भाजीवालीशी बोलल्यासारखा निकालात काढला.

दवाखान्यात पेशंटच्या डोळ्यांत थेंब घातले की वीस मिनिटं थांबावं लागतं. त्या वीस मिनिटांत मी सारंगचं लग्न लावून द्यायचे. विष सांडलं, रेवा मांडवातून पळून आली, झालं लग्न, बरं, पुढं काय? सिलिंडर संपला तर ह्याच्या लक्षात येईल का? सासूचा गुडघा दुखायला लागला तर हा तिला दवाखान्यात नेईल, की खिडकीत उभा राहून उसासे टाकेल? आमटी खारट झाली, रेवा दोन दिवस बोलली नाही, तर हा पुन्हा पेला उचलायला तयार? असल्या माणसाबरोबर भांडायचीसुद्धा चोरी. जीव द्यायला एक मिनिट पुरतं हो, आणि नवऱ्याला चाळीस वर्षं रोज सकाळी उठायचं असतं. असं सगळं मी त्याच्याविरुद्ध मांडायचे, अगदी वकिलासारखं, आणि शेवटी दरवेळी हरायचे. कारण अख्ख्या नाटकात रेवाला तुला काय पाहिजे असं विचारणारा तो एकटा आहे. तिचा बाप विचारत नाही, भाऊ विचारत नाही, ज्याच्याशी लग्न ठरतं तो तर नाहीच नाही. आणि शिवाय एकतिसावं पान.

एकतिसाव्या पानावर काही घडत नाही. दुसरा अंक, दोघं घाटाच्या पायरीवर बसलेत, आणि सारंग लग्नानंतर काय काय करणार ते सांगतो. चंद्रतारे काढत नाही. म्हणतो, "उद्यापासून सकाळचं दूध मी तापवीन. तू निवांत झोप." प्रेक्षक नेमके तिथंच खोकून घेतात. सरांनी दोनदा ते पान काढून टाकायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा मी भांडले. प्रॉम्प्टरनं भांडायचं नसतं, पण भांडले. मग तर मी ते पान फाईलमधून काढून पर्समध्येच ठेवायला लागले. आमच्या घरात आई साडेचारला उठते. पाणी गाळणं, दूध, अण्णांचा बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, न्यायचा पूजेचा डबा, सगळं अंधारात. अण्णा म्हणजे माझे वडील, आप्पासो, लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान. माणूस लाख मोलाचा, पण अठ्ठावीस वर्षांत त्यांनी दूध कुठल्या पातेल्यात तापतं ते बघितलं असेल असं मला वाटत नाही. तर ते पान मी वाचायचे. स्पर्धेच्या प्रयोगाच्या आधीच्या रविवारी कबनूरहून पारस आणि त्याच्या घरचे मला बघायला आले, यंत्रमागाचा मोठा कारखाना आहे त्यांचा, तेव्हाही मी आतल्या खोलीत साडी नेसून तेच पान वाचत बसले होते. आईनं हाक मारली, "आदू, ये बाहेर!" मी गडबडीनं पान फाईलमध्ये कोंबलं, एकदम शेवटी, आणि बाहेर पोह्यांचा ट्रे घेऊन गेले. पारस बरा होता. त्यानं मला पगार विचारला आणि नाटक सोडणार ना, असं हसून विचारलं.

आणि प्रसेनजीत. त्याच्याबद्दल सांगायचं तर कुठून सुरुवात करायची मला कळत नाही, कारण तो सारंगसारखा मुळीच नाही. वीज मंडळात लाइनमन आहे. पहिली दोन वर्षं राधानगरीला काढली, तिथल्या पावसात खांबावर चढून. एकदा मी त्याला विचारलं, भीती वाटत न्हाय? म्हणाला, "वाटती की. म्हणून तर दोनदा तपासतो. वरनं लाइन बंद केल्याचा फोन आला तरी परत एकदा तपासतो. मरायचं ते फक्त स्टेजवर." घरी आई तानूबाई, वडील बाळासो, भिंतीवर बुद्धाची तसबीर. आमच्या भिंतीवर महावीर. दोघंही तसेच शांत, डोळे मिटून बसलेले, पण दोन भिंतींमध्ये केवढं अंतर आहे ते मला माहीत आहे, अण्णांना तर माझ्याहून जास्त माहीत आहे. तालमी संध्याकाळी सातला असायच्या. आम्ही सूर्य मावळल्यावर जेवत नाही, त्यामुळं मी साडेपाचलाच हॉलच्या पायरीवर डबा उघडून एकटी बसायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी हा ड्यूटीवरून सरळ आला, शेजारी बसला आणि स्वतःचा डबा उघडला. "एकटं जेवतीस, बरं दिसत न्हाय," एवढंच. मग रोजच. त्याच्या डब्यात कांदा असला तर तो दोन पायऱ्या खाली बसायचा. रात्री सगळे मिसळ खायला गेले की हा जायचा नाही. मी विचारलं तर म्हणायचा, पोट भरलंय की. सहा महिने मी त्याला शेजारी बसवून सारंगबद्दल विचार करत राहिले, काय म्हणावं ह्याला!

स्पर्धेच्या प्रयोगादिवशी त्याच पायरीवर त्यानं डब्याचं झाकण लावता लावता विचारलं, "आदिती, माझ्याशी लगीन करशील काय? घाई न्हाय. पण विचार करून सांग." पोळीचा तुकडा माझ्या हातात तसाच. तो उठला आणि मेकअपला गेला. नंतर विंगेत बसले खरी, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. शेवटचा अंक आला, सनई सुरू झाली, त्यानं गुंडी लावली, पेला उचलला आणि अडला. कधी न अडणारा माणूस अडला. डाव्या कानाला हात लावला, म्हणजे वाक्य दे. मी बॅटरी फाईलवर मारली, शेवटच्या पानावर दिसलं ते वाचलं, "उद्यापासून सकाळचं दूध मी तापवीन. तू निवांत झोप." शब्द सुटल्यावर मला चूक कळली. वाटलं, तो म्हणणार नाही, त्याला कळेल. त्यानं विषाचा पेला छातीशी धरला, विंगेकडं बघितलं, आणि म्हणाला. नुसतं म्हणाला नाही, हसून म्हणाला, असा काही हसला की दिवा लागावा. आणि हजार माणसांचं थिएटर फुटलं. शिट्ट्या, टाळ्या, पोट धरून हसणं. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतंच. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोल्हापूरच्या झाडून सगळ्या ग्रुपवर, विष पिता पिता दूध तापवायला निघालेला हिरो. अण्णांनाही आलं. त्यांनी मला दाखवलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि पुढं चार जणांना पाठवलं. मीही हसले. हसले मी!

सरांनी पडद्यामागं त्याची कॉलर धरली. तो म्हणाला, "मीच गडबडलो, सर." बक्षीस गेलं ते गेलंच. आज दुपारी मंडळाची बैठक होती. मुरगूडच्या प्रयोगाला सारंग दुसऱ्याला द्यायचा, असं ठरलं. मी प्रसेनजीतपासून दोन खुर्च्या सोडून बसले होते आणि फाईल माझ्या मांडीवर होती, पान तसंच चुकीच्या जागी. मी म्हणू शकले असते. सर, थांबा, हे बघा. पण मी फाईल मिटून घेतली. कारण ते पान तिथं कसं गेलं हे सांगायचं तर पर्स, पारस, साडी, सगळंच सांगावं लागलं असतं. बैठक संपली, आणि मग तो सिग्नल, ती रिक्षा, आणि "साय बी आलीया".

घरी आले. आई स्वयंपाकाला लागली होती. थंडीचे दिवस, सूर्य सहाला मावळतो, म्हणून पाच-सव्वापाचला पानं वाढायची. "आज अण्णा विचारणार हाईत," आई म्हणाली, "पारसच्या घरी कळवायचंय. काय ते ठरव." "सांगतो जेवताना," मी म्हणाले. (इथल्या आम्ही पोरी येतो, जातो, सांगतो असंच बोलतो, त्यात काही विशेष नाही, पण पारसच्या आईनं भुवई उचलली होती.) गच्चीवर गेले. सारंग असता तर त्या चौकात काय केलं असतं, असा विचार मनात आला आणि पहिल्यांदा मला उत्तर ठाऊक होतं. मरणं सोपं होतं त्याला, सुंदरही होतं, लोक रडले असते. भर चौकात लोक हसताना, जिच्यामुळं हसतायत तिला शेजारी ठेवून, तिच्याकडं एकदासुद्धा न बघता साय आलीया म्हणायचं, हे त्याला जमलं असतं का? जमलं असतं, असं मला वाटलं. एकतिसाव्या पानावरच्या सारंगला नक्की जमलं असतं. त्याला बिचाऱ्याला तिथपर्यंत कुणी जगूच दिलं नाही. किती चांगला नवरा झाला असता तो. मला एकदम रडू फुटलं, पाण्याच्या टाकीला टेकून मी चांगली हमसून रडले, आणि मग फोन लावला.

"तुला कळलं न्हवतं काय रे, की पान चुकलंय?" मी एकदम तेच विचारलं. पलीकडं कुकरची शिट्टी झाली. "कळलं की," तो म्हणाला. "मग म्हणालास कशाला?" तो म्हणाला, "मी अडलोतो. काय बी आठवंना. तुझा आवाज आला. आता हे वाक्य हितलं न्हाय, एवढं तर मला कळतंय. पण मी तुला पायरीवर विचारलंतं ना... मला वाटलं, त्याचंच उत्तर देतीयास. मला वाटलं, व्हय म्हणतीया. मग मरायचं कशाला?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "नंतर फाईल बघितली तुझ्या हातात, तवा कळलं, खरंच पान चुकलं. मग काय बोलणार. जाऊ दे. दोन मिनटं लई भारी गेली." मी म्हणाले, "सरांना मी उद्या सांगतो. फाईल घेऊन जातो." "नको गं, कशाला तुला—" मी म्हणाले, "गप रे. आणि ऐक, पान काय चुकलं न्हवतं." फोन ठेवला, कारण खालून आई हाका मारत होती.

पानं वाढली होती. भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, भात. अण्णा पाटावर बसले होते, पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप त्यांच्या ताटापर्यंत आली होती. "बोल आदू," ते म्हणाले, "कबनूरला काय सांगू?" मी म्हणाले, "नाही म्हणून सांगा." त्यांचा भाकरीकडं गेलेला हात थांबला. मग मी बोलायला लागले. प्रॉम्प्टरला एकदा स्वतःचं वाक्य सापडलं की थांबता येत नाही. व्हिडिओतल्या त्या पोराला दूध तापवायचं वाक्य मीच पुरवलं होतं, चूक माझी होती. तो बोलला नाही, त्याची भूमिका गेली, तरी बोलला नाही. आणि मला त्याच्याशी लग्न करायचंय. तो कोण, कुणाचा, आईवडील काय करतात, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आई घास हातात घेऊन तशीच बसली होती. अण्णा माझ्याकडं बघत नव्हते, ताटाकडं बघत होते. ऊन ताटावरून सरकलं, भिंतीवर चढलं. आमटीवर साय धरली. कुणी एक घास खाल्ला नव्हता.

"मी त्याचा व्हिडिओ चार जणांना पाठवलाय," अण्णा शेवटी म्हणाले, "हसलोय मी त्याला." त्यांनी ताट थोडं पुढं सरकवलं. "अख्खं गाव हसलं. आणि तो का गप बसला?" मी म्हणाले, "मला कुणी हसू नये म्हणून." अण्णांनी खिडकीकडं बघितलं. सूर्य गेला होता. आईनं हातातला घास ताटात परत ठेवला. अण्णांनी ताटाला हात जोडले आणि न जेवताच उठले, त्यांच्या गुडघ्याचा आवाज झाला. दारापर्यंत गेले आणि आमच्याकडं पाठ करून तिथंच थांबले.

"पुढच्या रविवारी बोलव त्याला," ते म्हणाले. "व्हय म्हणत न्हाय मी. लोकांना तोंड द्यायचंय मला, सोपं न्हाय ते. जेवायला बोलव, एवढंच म्हणतोय. बघू दे मला. आणि सांग त्याला, उजेड असताना जेवतो आपण. उशिरा आला तर उपाशी बसावं लागंल, आजच्यासारखं."

"त्याला माहीत हाय, अण्णा," मी म्हणाले. "सहा महिने झाले, तो माझ्याबरोबर साडेपाचलाच जेवतोय."